रेडिएटरमध्ये काय भरावे? कूलंट, खारे पाणी आणि इंजिनाचे आयुष्य

पनवेलहून उरणकडे जाताना जासईच्या परिसरात भाताची खाचरे, खाडीकाठची खार जमीन आणि न्हावा-शेवा बंदराकडे धावणारे कंटेनरचे ट्रेलर एकाच नजरेत दिसतात. १९७० नंतर नवी मुंबईसाठी येथील जमिनी संपादित होऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्याच्या भागात शेतकऱ्यांचा लढा झाला व त्यात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. तेव्हापासून या पट्ट्यात नांगर कमी झाले आणि इंजिने वाढली. ज्या घरात पूर्वी बैलजोडी होती तेथे आज ट्रॅक्टर, पॉवर टिलर, डंपर किंवा ट्रेलर उभा असतो. बैलाला कोणते पाणी पाजावे हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. इंजिनाला मात्र मिळेल ते पाणी पाजले जाते, आणि खाडीकाठच्या गावात मिळेल ते पाणी बहुधा खारे असते.

कूलंटविषयी विचारले असता, "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?" असे उत्तर अनेकदा मिळते. कूलंटला इंग्रजीत अँटिफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारे द्रव्य, असेही नाव आहे. या नावामुळेच हा गैरसमज झाला आहे. कोकणात कूलंटची गरज गोठण्यासाठी नसून उकळणे आणि गंजणे टाळण्यासाठी आहे. ते कसे, हे थोडे मुळापासून पाहू.

इंजिनातील उष्णता जाते कोठे?

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा साधारण एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामाला लागतो. दुसरा एक तृतीयांश धुरावाटे बाहेर जातो. उरलेला भाग सिलिंडरच्या भिंती व हेड तापवतो आणि तो पाण्यावाटे काढून घ्यावा लागतो. एक साधा हिशोब करू. ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पूर्ण भाराखाली चिखलणी करीत असेल, तर त्याच्या पाण्यात दर सेकंदाला २० किलोज्यूल तरी उष्णता उतरते. रेडिएटर व ब्लॉकमध्ये मिळून १० लिटर पाणी आहे असे धरले आणि रेडिएटरने उष्णता बाहेर टाकणे बंद केले, तर हे पाणी ३० अंश सें. पासून उकळीपर्यंत यायला अवघी अडीच मिनिटे लागतील. फॅनबेल्ट तुटल्यावर किंवा रेडिएटरच्या जाळीत पेंढा व चिखल बसल्यावर इंजिन इतक्या लवकर का तापते, हे यावरून ध्यानात येईल.

उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत पाण्यासारखे दुसरे स्वस्त द्रव्य नाही. शुद्ध कूलंटसुद्धा या एका गुणात पाण्याच्या खालीच आहे. पण पाण्यात तीन उणिवा आहेत. ते शून्य अंशाला गोठते व गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. ते १०० अंशाला उकळते. आणि ते लोखंड गंजवते. कूलंट या तिन्हींवर उपाय करते.

मटका कुल्फी, बर्फाचा कारखाना आणि खार जमीन

पाण्यात दुसरा पदार्थ विरघळला की त्याचा गोठणबिंदू खाली जातो, ही गोष्ट आगरी-कोळी समाजाला पुस्तकावाचून माहीत आहे. कुल्फीवाला मडक्यात बर्फाबरोबर खडे मीठ टाकतो. मिठामुळे बर्फ वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो कुल्फीच्या साच्यांतून ओढून घेतो आणि मडक्यातील खारवणी शून्याच्या बरीच खाली जाऊनही पातळ राहते. मासळीसाठी बर्फाच्या लाद्या बनविणाऱ्या कारखान्यातही हेच तत्त्व आहे. मोठ्या टाकीत खारवणी भरून ती शून्याच्या खाली थंड करतात आणि गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे तिच्यात बुडवून ठेवतात. डब्यातील पाण्याचा दगड होतो, भोवतालची खारवणी मात्र वाहती राहते. वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असलेली खारवणी उणे २१ अंशापर्यंत गोठत नाही.

असे का होते? बर्फ होण्यासाठी पाण्याच्या रेणूंना शिस्तीत रांगा लावाव्या लागतात. मध्ये परके कण शिरले की रांग मोडते आणि ती लावायला आणखी थंडी लागते. उकळताना याच्या उलट होते. परके कण पाण्याच्या रेणूंना पृष्ठभागावरून सहज निसटू देत नाहीत, म्हणून उकळायला जास्त उष्णता लागते. हा परिणाम मुख्यतः कण किती आहेत यावर अवलंबून असतो, ते कोणत्या पदार्थाचे आहेत यावर फारसा नाही.

खार जमिनीत भात लावणाऱ्यांना याच कुटुंबातील तिसरा परिणाम परिचित आहे. जमिनीत ओल असूनही क्षार जास्त असले की रोप सुकते, कारण विरघळलेले मीठ पाणी धरून ठेवते आणि मुळांना ते ओढता येत नाही. गोठणबिंदू उतरणे, उत्कलनबिंदू चढणे आणि मुळांना पाणी न मिळणे या तिन्ही गोष्टी एकाच कारणाच्या आहेत. पिकांच्या पेशीरसातील साखर व क्षार यांमुळे तो रसही नेमका शून्य अंशाला न गोठता थोडा खाली गोठतो. निफाडसारख्या भागात पारा ५ अंशांच्या खाली उतरतो तेव्हा द्राक्षवेलीला या निसर्गदत्त अँटिफ्रीझचा तेवढाच आधार असतो.

मग रेडिएटरमध्ये मीठच का टाकू नये? कारण मिठाएवढे लोखंड खाणारे दुसरे काही नाही. म्हणून असा पदार्थ हवा जो पाण्यात हवा तेवढा मिसळेल, उडून जाणार नाही, आणि ज्याच्या अंगी क्षारता नसेल. प्रारंभीच्या मोटारींत मद्यार्क वापरीत, परंतु तो पाण्याआधीच उकळून उडून जाई. पुढे इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य मिळाले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्त्झ यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तयार केले होते, पण इंजिनात त्याचा खरा उपयोग विसाव्या शतकात सुरू झाला. दाट, रंगहीन, चवीला गोड असलेले हे द्रव्य १९७ अंशाला उकळते.

येथे एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशाच्या आसपास गोठते. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी हे मिश्रण मात्र उणे ३७ अंशापर्यंत गोठत नाही. दोघेही एकमेकांची रांग मोडतात, म्हणून मिश्रण दोघांहून सरस ठरते. त्यामुळे "घट्ट कूलंट तेवढे चांगले" असे समजून कॅनमधील कॉन्सन्ट्रेट पाणी न मिसळता भरणे चुकीचे आहे. ते दाट असल्याने नीट फिरत नाही व उष्णताही कमी वाहून नेते. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचीही उष्णता वाहण्याची क्षमता पाण्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी असते, पण ते उशिरा उकळत असल्याने ही तूट भरून निघते.

रेडिएटरचे झाकण हा एक व्हॉल्व्ह आहे

साधे पाणी १०० अंशाला उकळते, तर निम्मे-निम्मे मिश्रण १०७ अंशाच्या सुमारास. फरक फार मोठा वाटत नाही. खरी भर पडते ती झाकणामुळे. झाकणातील स्प्रिंग आतील दाब वाढू देते. दाब साधारण १ किलो प्रति चौ. सें.मी. इतका वाढला की साधे पाणीही १२० अंशापर्यंत उकळत नाही आणि कूलंटचे मिश्रण तर १२५ अंशाच्याही पुढे तग धरते. म्हणूनच रबर झिजलेले झाकण किंवा झाकण हरवल्यावर बांधलेला फडक्याचा बोळा म्हणजे इंजिनाची १५ ते २० अंशांची राखीव मर्यादा घालविणे होय. झाकण बदलायला लागणारा खर्च पाहता याबाबतची आपल्याकडील बेफिकिरी अनाकलनीय आहे.

दाबाखालील गरम झाकण उघडू नये हेही त्यातच आले. उघडताच दाब उतरतो, १०० अंशाच्या वर असलेले पाणी एका क्षणात उकळून उसळते आणि हात व चेहरा भाजतो. इंजिन तापल्यास भार काढावा, बंद करून निदान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉक तडकण्याचा संभव असतो.

दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. पाणी साधारण ८० अंशाच्या आसपास जाईपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. अनेक गॅरेजमध्ये "आपल्याकडे गरमीच आहे" असे म्हणून तो काढून टाकला जातो. हे अयोग्य आहे. थंड इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, कच्चे डिझेल लायनरवरील तेलाचा थर धुऊन खाली उतरते आणि ऑईल पातळ होते. शिवाय धुरातील गंधकाचे आम्ल थंड भिंतीवर बसून लायनर खाते. डिझेल जास्त लागते ते वेगळेच. इंजिन तापत असेल तर तापण्याचे कारण शोधावे. थर्मोस्टॅट बिघडला असल्यास नवा बसवावा.

जासईच्या पाण्याचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कूलंटच्या डब्यात ग्लायकॉलबरोबर गंजरोधक द्रव्ये असतात आणि कोकणातील शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहेत. इंजिनात ओतीव लोखंडाचा ब्लॉक, काही ठिकाणी ॲल्युमिनियमचे हेड, तांब्या-पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि डागाचे शिसे-कथील असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. दोन धातू आणि मध्ये खारे पाणी म्हणजे बॅटरीचा सेलच झाला. त्यातून प्रवाह वाहतो आणि एक धातू झिजू लागतो. पाणी जितके खारट तितकी झीज वेगाने होते. मिठातील क्लोराइड ॲल्युमिनियमवरील संरक्षक पापुद्रा भेदून बारीक खड्डे पाडते.

इंजिन बनविणाऱ्या कंपन्या कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्यात प्रतिलिटर ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावे असे सांगतात. एकूण कठीणपणा १७० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. समुद्राच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते. म्हणजे १० लिटर शुद्ध पाण्यात चहाचे चार चमचे समुद्राचे पाणी पडले की मर्यादा संपली! भरतीचे पाणी बांधाखालून पाझरणाऱ्या गावात, विशेषतः मार्च ते मे या काळात, विहीर किंवा बोअरचे पाणी या मर्यादेत बसण्याची शक्यता फारच कमी. पाणी जिभेला गोड लागते यावर विसंबू नये, कारण एवढे कमी मीठ जिभेला कळत नाही. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पिकासाठी पाणी तपासायला देताना क्लोराइडचा आकडाही मागून घ्यावा.

कठीण पाण्याचा दुसरा उपद्रव म्हणजे क्षारांचा थर. चुलीवरच्या हंड्यात जसा पांढरा थर धरतो तसाच तो लायनरच्या बाहेरून धरतो. हा थर लोखंडाच्या मानाने उष्णता इतकी कमी वाहतो की एक मिलिमीटर थर म्हणजे भिंतीला इंचभर जाड लोखंड आणखी जोडल्यासारखे होते. काट्यावर पाण्याचे तापमान ठीक दिसते, पण आत पिस्टन व लायनर भाजत असतात. अशी इंजिने नेमकी चिखलणीच्या ऐन गर्दीत सीझ होतात, कारण वर्षातील सर्वांत जास्त भार तेव्हाच पडतो. गाळ झालेले खाचर तसेच सोडून, रोपे पिवळी पडत असताना भाड्याचा ट्रॅक्टर शोधत फिरण्याची वेळ येते. लायनर-पिस्टनच्या कामाचा खर्च वेगळाच.

पाणी उकळून वापरल्यास चालेल का, असे विचारले जाते. उकळल्याने चुन्याचा काही भाग तळाला बसतो, पण मीठ जात नाही. उलट पाणी आटल्याने ते वाढते. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी सर्वांत चांगले. मात्र कोकणावर निसर्गाने याबाबतीत मेहेरबानी केली आहे. पावसाळ्यात पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन गेल्यावर किंवा उघड्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचे पिंप ठेवून धरलेले पाणी विहिरीपेक्षा पुष्कळच शुद्ध असते. दोन-तीन कॅन गाळून, घट्ट बूच लावून सावलीत ठेवले तर ट्रॅक्टरची वर्षाची गरज भागते.

लायनरला बाहेरून पडणारी भोके

जड डिझेल इंजिनांत, विशेषतः ट्रेलर व डंपरमध्ये, लायनर थेट पाण्यात बुडालेले असतात. प्रत्येक स्फोटासरशी लायनर किंचित थरथरतो. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागाशी सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि फुटताना धातूवर सुईच्या टोकासारखा घाव घालतात. असे लक्षावधी घाव बसून लायनरला बाहेरून आत भोक पडते आणि पाणी ऑईलमध्ये उतरते. ऑईल दुधाळ दिसू लागले तर हे एक कारण असू शकते. हेड गॅस्केट गेल्यानेही असेच होते. कूलंटमधील नायट्राइटसारखी द्रव्ये लायनरवर पातळ थर धरून हे घाव झेलतात. साध्या पाण्यात हे संरक्षण अजिबात नसते.

गंजरोधक द्रव्ये हळूहळू खर्च होतात. ग्लायकॉल मात्र तसेच राहते. त्यामुळे कूलंट दिसायला ठीक असले तरी त्याचा गुण संपलेला असू शकतो. सिलिकेट-फॉस्फेट वर्गातील जुन्या पद्धतीचे कूलंट सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी, तर सेंद्रिय आम्लांवर आधारित नवे कूलंट चार-पाच वर्षांनी बदलतात. नेमका काळ ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. हे दोन वर्ग एकमेकांत मिसळू नयेत. हिरवा, लाल, निळा हा नुसता घातलेला रंग आहे, त्यावरून वर्ग ओळखता येत नाही. डब्यावरील मजकूर वाचावा, भारतीय मानक ५७५९ चा उल्लेख पाहावा. वरचेवर नुसते पाणी टाकत राहिल्यास मिश्रण पातळ होते व गंजरोधकाचे प्रमाण कामाला पुरेनासे होते. आपल्याकडे गोठण्याची भीती नसली तरी याच कारणासाठी कॉन्सन्ट्रेटचे प्रमाण पुस्तिकेत दिल्यापेक्षा, साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा, कमी करू नये.

सुटे रंगीत पाणी कूलंट म्हणून विकले जाते. ग्लायकॉल पाण्याहून जड असल्याने एक लिटर कॉन्सन्ट्रेटचे वजन सुमारे १ किलो १०० ग्रॅम भरते. घरच्या काट्यावर ते एक किलोच भरले तर ते विकत आणलेले पाणी समजावे. ही संशय घेण्यापुरती कसोटी आहे, कारण गंजरोधक आहे की नाही हे तिने कळत नाही.

कूलंट प्रथमच भरताना इंजिन थंड असताना रेडिएटर व ब्लॉक या दोन्हींच्या तोट्या उघडून जुने पाणी काढावे. स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवावे. जुने मेकॅनिक यासाठी धुण्याचा सोडा वापरतात. लोखंडी इंजिनाला तो चालतो, परंतु हेड किंवा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असल्यास सोडा लावू नये. मिश्रण आधी बादलीत तयार करून मग भरावे. झाकण न लावता इंजिन काही मिनिटे मंद चालवावे, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते व पातळी उतरते. तेवढी भर घालून झाकण लावावे. फार जुना, गंजाने धरलेला रेडिएटर धुतल्यावर गळू लागतो आणि दोष कूलंटला दिला जातो. वास्तविक तेथे गंजानेच भोक बुजवलेले असते.

जेथे कूलंट लागत नाही

पाणी उपसणाऱ्या एक सिलिंडरच्या डिझेल पंपसंचात बहुधा पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनातून फिरवून बाहेर सोडलेली असते. पाणी सतत वाहून जात असल्याने तेथे कूलंट वापरता येत नाही. मात्र कॉक पूर्ण उघडा ठेवून इंजिन बर्फासारखे थंड चालविणे ही डिझेलची नासाडी आहे. बाहेर पडणारे पाणी ६० ते ७० अंश, म्हणजे खाली हात धरवणार नाही इतके गरम, राहील असा कॉक लावावा. खाडीलगत खारे पाणी उपसल्यास काम संपताना काही मिनिटे गोडे पाणी फिरवून मग इंजिन बंद करावे.

बंदराकडे जाणाऱ्या थंड कंटेनरमधील वायूलाही काही जण कूलंट म्हणतात. ती वस्तू वेगळी आहे. इंजिनातील कूलंट द्रवरूपातच फिरत राहते. कंटेनरमधील शीतक द्रव्य मात्र आतल्या बाजूस उकळून वायू होते, उकळताना मालातील उष्णता घेते आणि बाहेरच्या बाजूस दाबाखाली पुन्हा द्रव होऊन ती सोडते. त्यामुळे हापूस १३ अंशाच्या आसपास व द्राक्षे शून्याच्या आसपास ठेवता येतात. ज्या शीतयंत्रणेत खाद्यपदार्थाशी संबंध येण्याचा संभव असतो तेथे इथिलीनऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात, कारण पहिले विषारी आहे.

गोड विष

या विषयीची काळजी शेवटी सांगत असलो तरी ती सर्वांत महत्त्वाची आहे. इथिलीन ग्लायकॉल गोड असते. कुत्रा, मांजर, शेळी, वासरू ते आवडीने चाटतात. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. मोठ्या माणसालाही सुमारे १०० मिलिलिटर मात्रा प्राणघातक ठरू शकते, लहान मुलाला त्याहून पुष्कळ कमी. याच कुळातील डायइथिलीन ग्लायकॉलने महाराष्ट्रात मोठा अनर्थ केला आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते भेसळीने आले होते, त्यात १४ रुग्ण दगावले. या प्रकरणाची न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली.

काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ, अंगणात, शेताच्या बांधावर, विहिरीच्या कडेला किंवा खाडीत ओतू नये. कॅनमध्ये भरून, नाव लिहून, गॅरेजमार्फत किंवा टाकाऊ तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कूलंट कधीही भरून ठेवू नये. ट्रॅक्टरखाली रंगीत थेंब दिसल्यास तेथे माती टाकून ती उचलावी आणि गळती काढावी. जनावर दारू प्यायल्यासारखे झोकांड्या देऊ लागले व जवळपास कूलंट सांडलेले असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मध्यंतरी ते बरे झाल्यासारखे दिसते, पण तोवर मूत्रपिंडाचे नुकसान सुरू झालेले असते. यावर उतारा आहे, परंतु तो पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो. माणूस असो वा जनावर, दवाखान्यात जाताना कूलंटचा डबा बरोबर घेऊन जावा, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखण्यात वेळ घालवावा लागत नाही.